गाडी चाकणची, धूर चंद्रपूरचा

(पुनावळे येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



कार्यकारी मंडळाने ‘आर्थिक वाढ, परकीय गुंतवणूक आणि कर्बवायूंचे उत्सर्जन’ हा विषय माझ्याकडे दिला, तेव्हा मी आधी नकारच दिला. हा विषय प्राध्यापकांचा. मी फाउंड्रीत तेहतीस वर्षे काढलेला माणूस. त्यावर आपले सचिव म्हणाले, “प्राध्यापक भट्टीजवळ उभे नव्हते, तुम्ही होता.” या बोलण्यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. जे पाहिले ते सांगेन, जे वाचले तेही सांगेन. हिशेब मात्र थोडा करावा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पिंपरीला आले. या सभागृहातल्या निम्म्या घरांची कथा हीच आहे. तेव्हा इथे कारखानदारीचा पाया घातला गेला होता. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच आली होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आकुर्डीला स्कूटर तयार होत होती आणि तीही परक्या देशाच्या परवान्यावरच. इटलीच्या पियाजिओचा तो परवाना १९७१ साली संपला आणि १९७२ साली बजाजची ‘चेतक’ निघाली. म्हणजे परकीय भांडवल आणि परकीय तंत्र १९९१ नंतर प्रथमच आले, असे जे सांगितले जाते ते पूर्ण खरे नाही. १९९१ च्या जुलैत धोरण बदलले आणि फाटक सताड उघडले, एवढेच. मर्सिडीज १९९४ साली पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात आली आणि २००९ साली चाकणला गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाना सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी जनरल मोटर्स तळेगावला आली होती. आज देशात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतला जवळपास तीस टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा असतो. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती. २००१ साली ती दहा लाखांवर आणि २०११ साली सतरा लाखांवर गेली. काही वाढ गावे सामील झाल्याने झाली. आपले पुनावळेही १९९७ सालीच महापालिकेत आले.

आता भट्टीकडे येतो.

मी १९८६ साली भोसरीच्या एका फाउंड्रीत लागलो. कारखान्याचे नाव सांगत नाही. मालक आता हयात नाहीत. तिथे क्युपोला भट्टी होती. उंच पोलादी नळा, वरून कोक, चुनखडी आणि भंगार टाकायचे, खालून ब्लोअरने हवा मारायची आणि तळाशी वितळलेले लोखंड काढायचे. भट्टी चालू असली की धुराने समोरचा रस्ता दिसत नसे. संध्याकाळी घरी गेल्यावर नाक शिंकरले की रुमाल काळा होई. माझ्याबरोबर चार्जिंगवर काम करणारा एक जण पन्नाशीच्या आतच खोकून खोकून गेला. दाखल्यात कारण वेगळे लिहिले होते.

१९९६ च्या सुमारास आमच्याकडे नवे काम आले. परदेशी गाड्यांना भाग पुरवणाऱ्या कंपनीला एकसारख्या गुणवत्तेचे कास्टिंग हवे होते. क्युपोलातून तसे लोखंड काढणे कठीण. मालकाने कर्ज काढून विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस बसवली आणि क्युपोला मोडीत काढली. पहिल्या दिवशी आम्ही शेडमध्ये उभे राहिलो आणि समोरची भिंत स्वच्छ दिसली. त्या भिंतीवर एक जुने घड्याळ होते, ते तिथे आहे हेच आम्ही विसरलो होतो! परकीय गुंतवणूक आली, पाठोपाठ नवे तंत्र आले, धूर गेला. माझ्या छातीला त्याचा फायदा झाला, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

परंतु कर्बवायूचा हिशेब निराळा निघाला. तो मी फार उशिरा, निवृत्तीच्या आसपास केला. क्युपोलात एक टन लोखंड वितळवायला आमचा साधारण एकशेतीस ते दीडशे किलो कोक लागे. कोकमधला प्रत्येक किलो कार्बन जळताना हवेतला प्राणवायू घेतो आणि सुमारे पावणेचार किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्याकडच्या कोकमध्ये राख पुष्कळ, ती वजा केली तरी टनामागे चारशे किलोच्या आसपास वायू निघतो. इंडक्शन फर्नेसला एक टन लोखंडासाठी सहाशे युनिटांच्या आसपास वीज लागते. आपल्या देशात विजेच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सहाशे गुणिले सातशे ग्रॅम म्हणजे चारशेवीस किलो!

मी हा गुणाकार तीनदा केला. आकडा जवळपास तोच येत होता. काळा धूर, गंधकाचा वास, राख, धूळ ही भोसरीतून गेली, ही गोष्ट खरी आणि मोलाची. पण पृथ्वीला ऊब देणारा जो वायू डोळ्यांना दिसत नाही, तो होता तेवढाच राहिला. फक्त भोसरीऐवजी दुसरीकडे निघू लागला.

दुसरीकडे म्हणजे कुठे? तारेतल्या विजेला गावाचे नाव नसते. कोयनेचे पाणी, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, सौर पॅनेल, सगळे एकाच जाळ्यात मिसळते. परंतु महाराष्ट्रातल्या विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे; आणि कोळसा म्हटले की चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. हे गाव आपल्यापासून सातशे किलोमीटरांहून दूर. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. उन्हाळ्यात तिथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतो. गाडी चाकणला तयार होते, पगार आणि महापालिकेचा कर इकडे मिळतो आणि राख तिकडे पडते. उत्सर्जनाच्या नोंदवहीत चंद्रपूर जिल्हा दोषी दिसतो आणि पिंपरी-चिंचवड त्यामानाने सोवळे.

आता पुनावळ्याकडेच पाहा. पूर्वी इथे ऊस होता, ज्वारी होती, पवनेकडे वीटभट्ट्या होत्या. आज हिंजवडीला आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी दहा-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतल्याच एकीत भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून घेतलेल्या घरात मी राहतो. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला मोठा भाग कोळशाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटलेला असतो, म्हणून नुसती वीज बदलून तो थांबत नाही. महाराष्ट्रातले मोठे सिमेंट कारखाने कुठे आहेत? घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर. पुन्हा चंद्रपूर जिल्हाच! बाहेर पडावे तर देहूरोड-कात्रज बाह्यवळणाच्या भुयारी मार्गाशी गाड्या अडकून उभ्या. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. परवा एका भगिनीने मला विचारले, लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, मग वायू सव्वादोन किलो कसा? उत्तर तेच, उरलेले वजन हवेतल्या प्राणवायूचे.

या साऱ्याला अर्थशास्त्रात नावे आहेत. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली मेक्सिकोबरोबरच्या मुक्त व्यापाराचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास मांडला. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. उत्पादन वाढले म्हणून होणारी वाढ, ही पहिली. शेती जाऊन कारखाने, कारखाने जाऊन कचेऱ्या असा धंद्याचा पोत बदलल्याने होणारा फरक, ही दुसरी. आणि चांगले तंत्र आल्याने होणारी घट, ही तिसरी. गंधकाचा वायू आणि धूर देश गरीब असताना वाढतात आणि उत्पन्न एका पातळीच्या वर गेले की कमी होऊ लागतात, असे त्यांना दिसले. यावरून पुष्कळांनी सोयीचा अर्थ काढला की आधी श्रीमंत व्हा, मग हवा आपोआप स्वच्छ होईल. तो अर्थ कर्बवायूला लागू पडत नाही. धूर नाकात जातो, म्हणून लोक ओरडतात, कायदा होतो, चिमणीला जाळी बसते. कर्बवायू नाकाला कळत नाही, त्याला जाळी बसत नाही, आणि त्याचा त्रास ज्याने सोडला त्यालाच होईल असेही नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. त्यांनी गाडीच्या धुरातले कण आणि नायट्रोजनचे वायू खूप कमी केले. जळालेल्या लिटरभर पेट्रोलचा कर्बवायू मात्र तेवढाच राहिला.

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जगाचे भांडवल तिथे गेले, प्रत्येक वस्तूमागची ऊर्जा कमी झाली, तरीही २००० ते २०२० या काळात एकूण उत्सर्जन जवळपास तिप्पट झाले, कारण वस्तूच कितीतरी पट झाल्या. भारताचे उत्सर्जन १९९० पासून सुमारे पाचपट वाढले आहे. म्हणजे तिसऱ्या गोष्टीने केलेली बचत पहिली गोष्ट खाऊन टाकते. माझ्या फाउंड्रीत तर टनामागे बचतही नव्हती, आणि टन मात्र चौपट झाले.

मग परकीय भांडवल वाईट काय? काही जण म्हणतात, श्रीमंत देश आपले घाणेरडे धंदे आपल्या दारात आणून टाकतात. हा संशय निराधार नाही. १९९१ च्या डिसेंबरात लिहिलेले, जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण पुढे फुटले. प्रदूषण करणारे उद्योग गरीब देशांत हलवणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने फायद्याचे ठरेल, असा त्यात सूर होता. ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा नंतर झाला. ज्यांच्या दारात ते उद्योग यायचे होते त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. दुसरे काही जण म्हणतात, परदेशी कंपनी आली की स्वच्छ तंत्र येते. तेही डोळे मिटून मानू नये. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारी संगणक प्रणाली बसवली होती. भारतातल्याही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली. ते प्रकरण कर्बवायूचे नव्हते, नायट्रोजनच्या वायूंचे होते, हे स्पष्ट केले पाहिजे. मात्र परदेशी नावाची पाटी म्हणजे स्वच्छतेचा दाखला नव्हे, एवढे त्यातून कळते.

खरे सांगायचे तर देशोदेशीच्या अभ्यासांतून एकच उत्तर निघत नाही. कुठे परकीय गुंतवणुकीने उत्सर्जन वाढल्याचे दिसते, कुठे घटल्याचे. मला त्याचे नवल वाटत नाही. कंपनी कुठल्या देशाची आहे यापेक्षा तिला वीज कशाची मिळते, यावर बरेच ठरते. हाच कारखाना कोळशाच्या जाळ्यावर बसला तर एक आकडा, पाण्याच्या किंवा सूर्याच्या विजेवर बसला तर दुसरा. आणि वीज कशाची, हे परदेशी मालक ठरवत नाही, आपण निवडून दिलेले सरकार ठरवते.

भांडवलाला मुक्कामाची हमीही नसते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली निघाला आणि २०२० च्या डिसेंबरात थांबला. तो चीनची ग्रेट वॉल घेणार होती, ते २०२२ साली बारगळले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईने करार केला. मधल्या काळात तिथल्या कामगारांचे काय झाले, ते आपल्यातल्या काहींना विचारा. गुंतवणूक बारा वर्षांत उठून जाऊ शकते. तिच्या काळात हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग मात्र शेकडो वर्षे तिथेच राहतो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, कारखाने नकोतच. मी तसे म्हणणार नाही, आणि आपल्या समाजाला तसे म्हणणे परवडणारही नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले की शेतीचे तुकडे हे मूळ दुखणे नसून शेतीवर रिकामी पडलेली माणसे हे दुखणे आहे, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाणी यांच्या योजनांकडे त्यांनी जातीने लक्ष दिले. गावच्या वेशीबाहेरून आमची माणसे पिंपरीच्या हजेरीपटावर आली ती कारखान्यामुळे. भारतात दरडोई वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आणि अमेरिकेची चौदा टनांच्या आसपास. आजवर हवेत साठलेल्या वायूत आपला वाटा तीन-चार टक्के. १९९२ साली रिओच्या परिषदेत ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही’ हे तत्त्व जगाने मान्य केले, ते न्यायाचेच होते.

मात्र जो न्याय आपण अमेरिकेकडे मागतो, तोच देशाच्या आत लावून पाहावा. दोन टन ही सरासरी आहे. एक्स्प्रेस-वेवरून रोज मोठी गाडी नेणारा आणि भोसरीच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार यांची ती सरासरी आहे. मे महिन्यात पत्र्याखाली काय तापमान होते, हे इथे वेगळे सांगायला नको. फाउंड्रीत साच्याजवळ काम करून आलेल्या माणसाला रात्रीही गारवा मिळत नाही. उष्णतेचा खर्च त्याच्या अंगावर निघतो आणि सरासरीचे पुण्य मात्र सर्वांच्या नावे जमा होते.

आता मोटारी, स्कूटर विजेवर चालू लागल्या आहेत. ज्या आकुर्डीत पेट्रोलची चेतक निघत असे, तिथे जून २०२२ पासून विजेची चेतक निघते. मी तिचाही हिशेब मांडला. शंभर किलोमीटरला चार्जिंगची गळती धरून साडेतीन युनिटे म्हटली, तर अडीच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोन लिटरांच्या वर पेट्रोल, म्हणजे पाच किलोच्या आसपास. बॅटरी तयार करतानाचा हिशेब वेगळा. पण चालवताना निम्मी बचत आजच्या कोळशाच्या विजेवरही होते, आणि जाळ्यात सूर्य-वारा वाढेल तशी ती वाढत जाईल. इंडक्शन फर्नेसचेही तसेच आहे. क्युपोलातल्या कोकला सुधारणेची सोय नव्हती, विजेला आहे. २०२५ साली देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी कोळसा, वायू, तेल सोडून इतर साधनांची झाली, अशी घोषणा झाली. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक असतो, हे लक्षात ठेवा. सूर्य रात्री नसतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या वर वाटा कोळशाचाच आहे.

आणि ही चांगली वीज कोणाला मिळते? २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने नियम बदलले आणि शंभर किलोवॅट किंवा त्याहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकालाही हरित वीज थेट विकत घेण्याची मुभा दिली. पूर्वी ही मर्यादा एक मेगावॅट होती. चाकणच्या मोठ्या कारखान्याला ती सहज मिळेल. भोसरीतल्या तीन लेथच्या गाळ्याला नाही. तो जाळ्यातलीच वीज घेणार, आणि उद्या मोठी कंपनी त्यालाच विचारणार की तुझ्या मालामागे कर्बवायू किती.

हे उद्याचे राहिलेलेही नाही. युरोपीय संघाने आयात मालावर कार्बन शुल्काची व्यवस्था सुरू केली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून ती पैशात मोजली जाऊ लागली. त्यात पोलाद आहे, ॲल्युमिनियम आहे, आणि साधे नट-बोल्टही आहेत. बोल्ट भोसरीत झाला तरी त्याचे पोलाद तयार होताना किती वायू निघाला, ते दाखवावे लागते. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास निघतो. वर्षाला पन्नास टनांपर्यंत असा माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट आहे. पण ती आयातदाराला आहे, आपल्या गाळेवाल्याला नाही. शंभर वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आता भोसरीच्या बोल्टचा हिशेब मागावा, याचा राग येतो. राग यावाच. पण कागद तयार नसेल तर ऑर्डर जाईल, आणि ऑर्डर गेली की पहिला कंत्राटी माणूस घरी जाईल.

यात आपल्या मुलांना काम आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा २००४ पासून होते. ती अभियंत्यांसाठी आहे. पण मीटर वाचणे, भट्टीची नोंद ठेवणे, गळती शोधणे हे आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी करू शकते. गाळेवाल्यांना असे माणूस हवे आहे आणि ते मिळत नाही.

संस्थेतल्या चार मुलांनी माझ्याबरोबर सुरुवात करायचे ठरवले आहे. कोणाच्या ओळखीत असा गाळा असेल, तर त्यांनी मागच्या बारा महिन्यांची वीजबिले, डिझेलच्या पावत्या आणि पोलाद खरेदीची बिले घेऊन येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात यावे. फी नाही, चहा गाळेवाल्याने पाजावा.